आत्मविश्वास वाढला, पण टेबलापलीकडच्यांचं काय?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहीत असाल. शिक्षणशास्त्रातल्या सिनॉप्सिसच्या शीर्षकांचा एक ठरलेला साचा असतो: 'अमुक उपक्रमाचा तमुक गटाच्या अमक्या गुणावर होणाऱ्या परिणामाचा अभ्यास'. रिकाम्या जागा भरल्या की शीर्षक तयार. मग एकल गट, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, टी मूल्य, ०.०५ स्तरावर सार्थक फरक, शून्य परिकल्पनेचा त्याग. मीसुद्धा याच रस्त्याने आले आहे, त्यामुळे हा लेख कुणाची टिंगल करायला लिहिलेला नाही. पण या साच्यातून काय निसटतं, ते मला अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेच्या कॅफेटेरियात समोर दिसत असूनही कळलं नाही. कळलं ते दोन महिन्यांनी, एक्सेलची फाईल उघडल्यावर. आज तेच सांगते.

विषय आहे 'फॅमिली सायन्स नाईट' आणि त्यावर होणारं संशोधन.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांमध्ये वर्षातून एखाद्या संध्याकाळी मुलं आणि त्यांच्या घरचे मिळून शाळेत येतात. कॅफेटेरियात किंवा जिममध्ये घडीची टेबलं मांडलेली असतात. प्रत्येक टेबलावर एक छोटा प्रयोग. कुटुंबं या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात, हात लावून बघतात, प्रश्न विचारतात. बहुतेक ठिकाणी पिझ्झाही असतो, कारण आई-बाबा कामावरून थेट आलेले असतात. भाषणं नाहीत, बक्षिसं नाहीत. आपल्याकडच्या विज्ञान प्रदर्शनाशी याची गल्लत करू नका. तिथे मूल पाठ केलेलं सांगतं आणि मोठे ऐकतात. इथे मूल आणि मोठे एकत्र खटपट करतात.

या कल्पनेची मुळं बरीच मागे जातात. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्समध्ये 'फॅमिली मॅथ' हा कार्यक्रम आकाराला आला. पालक आणि मुलांनी एकत्र बसून गणित करायचं, असा तो कार्यक्रम. त्याच धर्तीवर विज्ञानाचे कार्यक्रमही आले.

मग यात भावी शिक्षक कुठून आले? अमेरिकेत प्राथमिक शिक्षक होणाऱ्यांना विद्यापीठात विज्ञान अध्यापनाचा एक मेथड कोर्स करावा लागतो. त्याच्या जोडीला त्यांना जवळच्या शाळांमध्ये पाठवतात. पण २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा आला आणि तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या. शाळेचं मूल्यमापन त्या चाचण्यांवर होऊ लागलं, तसा प्राथमिक वर्गातला विज्ञानाचा वेळ आकसत गेला. २०१५ मध्ये तो कायदा बदलला, वाचन-गणिताच्या चाचण्या मात्र राहिल्या. परिणाम असा की छात्राध्यापक अनुभव घ्यायला शाळेत जातात आणि त्यांना विज्ञानाचा तास बघायलाच मिळत नाही, शिकवणं तर दूरच. फॅमिली सायन्स नाईट ही त्यावरची एक वाट. शाळेला माणसं मिळतात, छात्राध्यापकांना मुलं मिळतात. एका टेबलावर एक किंवा दोघं, दोन तास.

यात एक खरा गुण आहे आणि तो आधीच मान्य करते. वर्गात एक पाठ एकदाच घेता येतो. तो फसला तर फसला. इथे तोच प्रयोग तुम्ही एका संध्याकाळी दहा-पंधरा कुटुंबांसोबत करता. तिसऱ्या कुटुंबाशी बोलताना केलेली चूक चौथ्याशी बोलताना सुधारता येते. पॅम ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगवेगळ्या व्यवसायांच्या प्रशिक्षणाची तुलना केली होती: पाद्री, मानसोपचार, शिक्षक. त्यांचं म्हणणं असं की नवशिक्याला खऱ्या कामाच्या जवळ जाणारी, पण थोडी सोपी केलेली संधी वारंवार मिळायला हवी. सायन्स नाईटचं टेबल ही तशी संधी आहे. उपक्रमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण त्याचा अभ्यास कसा करतो याबद्दल.

अभ्यास कसा होतो

या विषयावरचं संशोधन एकाच छापाचं नाही. डॅनिएल हार्लो यांचा 'जर्नल ऑफ सायन्स टीचर एज्युकेशन'मधला २०१२ चा लेख घ्या. फॅमिली सायन्स नाईटची केंद्रं चालवताना भावी शिक्षक काय शिकतात, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच मांडला आहे. मॅककलो आणि रामिरेझ यांनी त्याच वर्षी अशा कार्यक्रमांकडे विविधतेच्या अंगाने बघितलं: वेगळ्या संस्कृतीच्या कुटुंबांसोबत काम करायला भावी शिक्षक यातून तयार होतात का? हे दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

पण तुमच्यासारखा किंवा माझ्यासारखा विद्यार्थी हा विषय हातात घेतो, तेव्हा हात आपोआप एका गोष्टीकडे जातो: तयार चाचणी. इथली तयार चाचणी म्हणजे 'स्टेबी-बी'. लॅरी एनॉक्स आणि आयरिस रिग्ज यांनी १९९० मध्ये ती भावी प्राथमिक शिक्षकांसाठी बनवली. विज्ञान शिकवण्याबाबतची स्वकार्यक्षमता, म्हणजे 'मला हे जमेल' हा विश्वास, ती मोजते. एकूण २३ विधानं. त्यातली १३ स्वतःच्या क्षमतेबद्दल आणि १० 'शिक्षकाने नीट शिकवलं तर मुलं शिकतात का' याबद्दल. प्रत्येकापुढे पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशी पाच बिंदूंची श्रेणी.

यामागचा सिद्धांत अल्बर्ट बंडुरा यांचा, १९७७ चा. 'मला जमेल' हा विश्वास चार ठिकाणांहून येतो: स्वतः करून जमल्याचा अनुभव, दुसऱ्याला जमताना बघणं, कुणीतरी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यात पहिला सगळ्यात बळकट. आता जोडून बघा: सायन्स नाईट म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव, म्हणून विश्वास वाढायला हवा, म्हणून आधी आणि नंतर स्टेबी-बी द्या. तर्क सरळ आहे. म्हणूनच त्याच्याकडे नीट बघायला हवं.

पहिली अडचण: मधे फक्त एक संध्याकाळ नसते

डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांचं संशोधन अभिकल्पांवरचं १९६३ चं छोटं पुस्तक तुम्ही वाचलं नसेल, तरी त्यातल्या संज्ञा तुमच्या नोट्समध्ये आहेत. एकल गट पूर्वचाचणी-उत्तरचाचणी अभिकल्पाचा दाखला त्यांनी दिला तो मुख्यतः काय करू नये हे दाखवायला. मधल्या काळात इतर घटना घडतात. माणसं आपोआप परिपक्व होतात. एकदा सोडवलेली चाचणी दुसऱ्यांदा वेगळी सोडवली जाते.

आपल्या बाबतीत पूर्वचाचणी होते सत्राच्या सुरुवातीला आणि उत्तरचाचणी शेवटी. मधे तीन-चार महिन्यांचा मेथड कोर्स असतो, प्राध्यापिका असते, मैत्रिणी असतात, शाळेतल्या फेऱ्या असतात आणि एक सायन्स नाईट असते. वाढ झाली ती कशामुळे? आपण शीर्षकात सायन्स नाईट लिहिलं म्हणून श्रेय तिला. हे म्हणजे चार महिने औषधपाणी, पथ्य, आराम सगळं केलं आणि शेवटी बरं वाटलं ते एका रविवारी खाल्लेल्या खिचडीमुळे, असं म्हणण्यासारखं आहे.

आकड्यांची एक गंमतही बघा. स्वतःच्या क्षमतेची १३ विधानं, कमाल गुण ६५. एखादीने सुरुवातीलाच प्रत्येक विधानाला ४ गुणांचं उत्तर दिलं तर तिचे ५२ झाले. तिला वर जायला जागा फक्त १३ गुणांची. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, जिने अजून वर्गात विज्ञान शिकवलेलंच नाही, ती 'मला जमेल' असं बिनधास्त लिहिते, कारण काय जमायला हवं हे तिला ठाऊक नसतं. कोर्स संपताना ते ठाऊक झालेलं असतं. मग तिने दुसऱ्यांदा दिलेला ४ आणि पहिल्यांदा दिलेला ४ हा एकच ४ आहे का? मोजपट्टीच मधे बदलली. याला प्रतिसाद-स्थलांतर म्हणतात. त्यावर एक उपाय असा की शेवटी विचारायचं: 'आता मागे वळून बघताना, सुरुवातीला तुम्ही कुठे होतात असं वाटतं?' त्यालाही स्वतःच्या अडचणी आहेत, पण निदान प्रश्न उघड होतो.

दुसरी अडचण: कसला आत्मविश्वास?

समजा वाढ खरी आहे आणि सायन्स नाईटमुळेच झाली. पुढचा प्रश्न: कशाबद्दलचा विश्वास वाढला?

त्या टेबलावर काय नसतं ते मोजा. तीसेक मुलांचा वर्ग नसतो. गडबड करणाऱ्याला सांभाळायचं नसतं, त्याची आई शेजारीच उभी असते. घंटा नसते, परीक्षा नसते, उद्याचा धडा नसतो. कंटाळलेलं मूल तक्रार करत नाही, पुढच्या टेबलाकडे निघून जातं, त्यामुळे तुमच्यासमोर उरतात ती रमलेलीच मुलं. अशा ठिकाणी जमलं याचा अर्थ वर्गात जमेल असा होत नाही. खुद्द बंडुरांनीच सांगून ठेवलं आहे की फक्त सोपी यशं मिळालेला माणूस पहिल्या अपयशाला लवकर खचतो.

अनिता वूलफोक हॉय आणि रोंडा बर्क स्पेरो यांचा २००५ चा अभ्यास यासाठी वाचा. त्यांनी शिक्षकांची स्वकार्यक्षमता प्रशिक्षणाच्या सुरुवातीपासून नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या अखेरपर्यंत तपासली. प्रशिक्षणात ती वाढली, प्रत्यक्ष नोकरीच्या पहिल्या वर्षात घसरली. म्हणजे सत्र संपताना उत्तरचाचणी घेऊन आपण टेकडीच्या माथ्यावर फोटो काढतो. उतार चौकटीबाहेर राहतो.

आणि घसरण नेहमी वाईटच असते का? कार्ल व्हीटली यांनी २००२ मध्ये एक उलटा मुद्दा मांडला: स्वतःच्या शिकवण्याबद्दलची शंका शिक्षकाला बदलायला भाग पाडते, ती उपयोगाची असू शकते. पूर्ण खात्री असलेली शिक्षिका शिकायचं थांबते. हे वाचलं तेव्हा मला ते फक्त चमकदार वाटलं. खरं कळलं माझ्या फाईलमधल्या एका ओळीवरून.

एका ओळीची गोष्ट

माझ्या दुसऱ्या वर्षी मी अशाच एका मेथड कोर्सची सहायक होते. संशोधन पद्धतीच्या एका पेपरसाठी असाइनमेंट म्हणून मी वर्गाची परवानगी घेऊन दोन्ही वेळा स्टेबी-बी भरून घेतली आणि सायन्स नाईटनंतर प्रत्येकीकडून एक पानभर मनोगत लिहून घेतलं. हा काही प्रकाशित अभ्यास नव्हता, यातून मी काही सिद्ध करत नाहीये. तो फक्त माझा फसलेला गृहपाठ होता.

फाईल तयार झाली. बहुतेक ओळींमध्ये दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा. एका ओळीत मात्र तो चांगलाच लहान. मला पहिल्यांदा वाटलं, माझीच नोंद करताना चूक झाली. मूळ कागद काढून बघितला. चूक नव्हती. मग वाटलं, बाईंनी श्रेणी उलटी वाचली असणार. ओळीला पिवळा रंग दिला आणि बाजूला लिहिलं: 'वगळावी?'

माझ्या अ‍ॅडव्हायझरने तो पिवळा रंग बघितला आणि एकच विचारलं, "तिने पानभर काय लिहिलंय?"

मी वाचलंच नव्हतं. मनोगतं 'गुणात्मक भाग' म्हणून शेवटी वाचायची असं ठरवलं होतं.

तिचं टेबल होतं नाण्यावरच्या थेंबांचं. हा प्रयोग तुम्हीही करून बघा. एका सपाट नाण्यावर ड्रॉपरने पाण्याचा एकेक थेंब सोडायचा. किती मावतील? मुलं म्हणतात पाच, सहा. प्रत्यक्षात कितीतरी जास्त मावतात. पाण्याचा चक्क घुमट तयार होतो, नाण्याच्या कडेच्याही वर फुगतो आणि मग एका क्षणी फुटतो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात म्हणून हे होतं, याला पृष्ठताण म्हणतात. साबणाचं पाणी घेतलं तर घुमट टिकत नाही.

संध्याकाळच्या सुरुवातीला तिच्याकडे एक बाबा आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी आली. घुमट फुगला तसे बाबा मुलीला स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगायला लागले. छात्राध्यापिकेने हसून त्यांना थांबवलं आणि इंग्रजीत पृष्ठताणाची व्याख्या सांगितली. बाबा गप्प झाले. मुलीने मान डोलावली. दोघं पुढे गेले. टेबल छान चाललं होतं.

तासाभराने तिला शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधून उलगडा झाला. बाबा गाड्या धुण्याचं काम करत होते. ते मुलीला सांगत होते की मेण लावलेल्या बॉनेटवर पाणी असंच गोळ्या होऊन उभं राहतं, आणि मेण उतरलं की पसरतं. म्हणजे पृष्ठताणाचं टेबलावरच्यापेक्षा चांगलं उदाहरण, त्यात पृष्ठभाग बदलला की काय होतं याची नोंद, आणि तीही रोज हाताने केलेली. मेणाला पाणी चिकटत नाही, स्वतःलाच धरून राहतं. पुढच्या दहा मिनिटांचा धडा त्या एका वाक्यात होता. तिने लिहिलं होतं की मी मुलीच्या बाबांना मुलीसमोर गप्प केलं, आणि मला वाटलं मी शिकवतेय.

मग तिने उत्तरचाचणीत मुलांच्या प्रश्नांना नीट हाताळण्याबद्दलच्या विधानापुढे पूर्वीपेक्षा कमी गुण दिले. आणखी काही विधानांपुढेही. बरोबरच होतं ते. त्या वर्गात त्या संध्याकाळी बहुधा सगळ्यात जास्त तीच शिकली होती, आणि माझ्या अभिकल्पात ती बिघडलेली नोंद होती.

सरासरी काढली असती तर ती ओळ बाकीच्यांच्या वाढीत विरून गेली असती. वगळली असती तर टी मूल्य आणखी देखणं आलं असतं.

तिसरी अडचण, आणि माझ्या मते मुख्य

'फॅमिली सायन्स नाईट' या नावातला पहिला शब्द फॅमिली आहे. आपल्या अभ्यासाच्या तक्त्यात तो कुठेच नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: शिक्षक-शिक्षणाच्या अभ्यासात शिक्षकच मोजणार ना? कुटुंबांचा अभ्यास दुसरं कुणी करेल. माझं उत्तर असं: या संध्याकाळीतून कुटुंब काढून टाका. काय उरतं? छोटा गट, छोटा वेळ, एकच कौशल्य, पुन्हा पुन्हा. हे तर आपलं बी.एड.चं सूक्ष्म अध्यापन झालं, सोबत पिझ्झा. त्यासाठी शंभर माणसांना संध्याकाळी शाळेत बोलवायची गरज नाही. इथे जे शिकण्यासारखं आहे आणि दुसरीकडे मिळत नाही, ते म्हणजे मूल आणि घरचं मोठं माणूस एकमेकांशी विज्ञान बोलत असताना आपण शिक्षक म्हणून कुठे उभं राहायचं. तेच मोजलं नाही तर आपण दुसराच उपक्रम मोजला.

आणि त्या बोलण्यात बघण्यासारखं खूप असतं. केव्हिन क्राउली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मुलांच्या संग्रहालयातल्या कुटुंबांचं चित्रण अभ्यासलं. उपकरण कसं वापरायचं हे आई-बाबा मुलग्यांना आणि मुलींना सारखंच सांगत होते. पण 'असं का होतं' हे समजावून सांगण्याचं प्रमाण मुलग्यांच्या बाबतीत सुमारे तिप्पट होतं. आता आपल्या टेबलाकडे या. मुलीला 'का' सांगणारा एक बाबा समोर उभा होता, आणि त्याचं बोलणं आपल्या प्रशिक्षित माणसाने तोडलं. स्टेबी-बीमध्ये यासाठी रकाना नाही.

लुई मोल आणि सहकाऱ्यांचं १९९२ चं काम याच्याही आधीचं. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात शिक्षक मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी गेले ते शिकवायला नव्हे, समजून घ्यायला. घराघरांत शेती, खाणकाम, दुरुस्ती, बांधकाम, घरगुती औषधं यांचं ज्ञान सापडलं. त्यांनी त्याला ज्ञानाची शिल्लक या अर्थाचं नाव दिलं. त्यांचा मुद्दा साधा होता: ही मुलं रिकामी येत नाहीत, शाळा बघत नाही. सायन्स नाईटला तर ती शिल्लक आपल्या पायांनी चालत शाळेत येते. आपण तिला ड्रॉपर देतो आणि व्याख्या ऐकवतो.

अजून एक. जी कुटुंबं आली नाहीत त्यांचं काय? रात्रपाळी, गाडी नाही, घरी तान्हं मूल, भाषेची भीती. अ‍ॅनेट लारो यांनी १९८९ च्या 'होम अ‍ॅडव्हान्टेज' या पुस्तकात दाखवलं की पालकांचा सहभाग म्हणून शाळा जे ओळखते ते मध्यमवर्गीय घरांना सहज जमणारं असतं. म्हणून 'पालकांना मुलांच्या शिक्षणात रस आहे असं दिसून आलं' हे वाक्य निष्कर्षात लिहिताना हात आखडा. दिसून आलं ते फक्त आलेल्यांबद्दल.

मग करायचं काय?

टीका करून मोकळं होणं सोपं असतं, म्हणून तुम्ही हा विषय घेतलात तर मी काय सुचवेन ते लिहिते.

१. मोजमाप टेबलावर न्या. परवानगी घेऊन टेबलावरचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. एकाच छात्राध्यापकाचं तिसरं कुटुंब आणि बारावं कुटुंब शेजारी ठेवा. तुलना करायला दुसरा गट नसला तरी एकाच संध्याकाळच्या आत तुलना मिळते. मधे चार महिन्यांचा कोर्स येत नाही.

२. साध्या गोष्टी मोजा. प्रश्न कुणी विचारला: मुलाने, मोठ्याने की छात्राध्यापकाने? उत्तर कुणी दिलं? प्रश्नानंतर शांतता किती वेळ होती? मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात. स्टॉपवॉच लागेल, परदेशी चाचणी लागणार नाही.

३. स्टेबी-बी वापरायची तर वापरा, पण सरासरीआधी प्रत्येक ओळ वाचा. ज्यांचे गुण घसरले त्यांच्या मुलाखती सगळ्यात आधी घ्या.

४. परवानगीचा कागद कुटुंबाच्या भाषेत हवा. अमेरिकेत विद्यापीठाची नैतिकता समिती हे विचारतेच, लहान मुलं असल्यामुळे जास्तच. पण कुणी विचारलं नाही तरी हे आपलं कर्तव्य आहे. ज्यांचं बोलणं आपण वापरणार, त्यांना ते कळलं पाहिजे.

कुणी म्हणेल, एवढं सगळं एम.एड.च्या प्रबंधात बसत नाही. खरं आहे. मग चार छात्राध्यापक घ्या, चाळीस नको. चार जणांचं नीट ऐकलेलं बोलणं चाळीस जणांनी घाईत भरलेल्या प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगतं. गाईड 'न्यादर्श लहान आहे' म्हणतील. तेव्हा सांगा की कुटुंबांशी झालेले संवाद हे माझं एकक आहे, आणि ते पन्नासच्या वर आहेत.

महाराष्ट्रात हा प्रयोग करू बघणाऱ्यांसाठी एक शब्द. आपल्याकडे पालक शाळेत येतात ते बहुतेक पालकसभेला, गुण आणि तक्रारी ऐकायला. त्यांना काहीतरी येतं म्हणून शाळेने बोलावलंय, असा प्रसंग विरळा. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शालेय अनुभवाला आता भरपूर आठवडे आहेत. त्यातली एक संध्याकाळ अशी करून बघता येईल. पण करायची ठरवलीत, तर टेबलापलीकडे गवंडी उभा असेल, टू-व्हीलर दुरुस्त करणारा असेल, पापड लाटणारी असेल, हे आधीच लक्षात ठेवा आणि तुमच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना आखून मगच जा.

शेवटी एक गृहपाठ. तुमच्या विषयातले 'परिणामाचा अभ्यास' असं शीर्षक असलेले तीन प्रबंध काढा. प्रत्येकात दोन याद्या करा: उपक्रमाच्या वेळी खोलीत कोण कोण होतं, आणि निकालाच्या तक्त्यात कोण कोण आहे. पहिल्या यादीत असून दुसऱ्या यादीत नसलेली नावं लिहून काढा. तुमचा संशोधन प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.

माझ्या फाईलमधली ती ओळ अजून पिवळीच आहे. फक्त बाजूचा 'वगळावी?' खोडून तिथे 'इथून सुरुवात' असं लिहिलंय. माझ्या प्रबंधाचा आताचा विषय त्या ओळीतूनच आला.

पुढच्या लेखात: दोन भाषांमधलं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवताना काय काय चुकतं.